प्लांटॅरिस शोधायचा कसा: गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत

पोटरीचं डिसेक्शन सुरू झालं की बहुतेक टेबलांवर एक प्रसंग ठरलेला असतो. एक लांब, पांढुरकी, बारीक पट्टी दिसते, कुणीतरी ‘टिबियल नर्व्ह!’ म्हणतं, आणि पुढचे दोन दिवस सगळी बॅच त्या पट्टीला नर्व्ह समजून जपते. प्रत्यक्षात तो प्लांटॅरिस या पोटरीतल्या लहान स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, असतो. ही चूक इतकी जुनी आहे की इंग्रजी वैद्यकीय बोलीत या टेंडनला गमतीनं ‘फ्रेशमन्स नर्व्ह’ म्हणजे नवख्यांची नर्व्ह म्हणतात.

एमबीबीएस किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असाल तर पुढच्या पायऱ्या डिसेक्शन हॉलमध्ये जाण्याआधी एकदा वाचून घ्या. एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा: हा स्नायू रंगावरून किंवा जाडीवरून ओळखायला गेलात तर फसाल. तो ओळखायचा थरावरून. पोटरीत मागून पुढे जाताना कोणत्या थरात काय आहे हे पक्कं असेल, तर उरतं ते फक्त हाताचं काम.

जवळ काय हवं

- ॲप्रन, ग्लोव्हज, मास्क. फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत असतील तर साधा संरक्षक चष्मा.
- ४ नंबरचं हँडल आणि २२ नंबरचं ब्लेड त्वचेसाठी. ३ नंबरचं हँडल आणि १५ नंबरचं ब्लेड बारीक कामासाठी. ३ नंबरच्या हँडलवर २२ चं ब्लेड बसत नाही, उगाच झटापट करून बोट कापून घेऊ नका.
- एक दातेरी आणि एक बिनदातेरी फोरसेप्स. लवणीत दातेरी वापरायची नाही.
- बोथट टोकाची कात्री आणि प्रोब.
- हाडांच्या सेटमधलं फीमर (मांडीचं हाड) आणि कॅल्केनियस (टाचेचं हाड).
- जाड सुती धागा किंवा रंगीत दोरा, खुणेसाठी.
- ओलं फडकं.

१. आधी हाडं हातात घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ओरिजिन, म्हणजे स्नायू हाडावर जिथून निघतो ती जागा, पाठ होत नाही म्हणून कुरकुरतात. फीमर मागून बघा. मागची उभी कड, लिनिया ॲस्पेरा, खाली येताना दोन रेघांत फुटते, मीडियल (आतली) आणि लॅटरल (बाहेरची) सुप्राकाँडायलर लाइन. मधली त्रिकोणी सपाट जागा म्हणजे पॉप्लिटियल सर्फेस. लॅटरल रेघेवरून नख खाली फिरवा. लॅटरल काँडाइलच्या, म्हणजे हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या गोळ्याच्या, जरा वर, रेघेचा जो खालचा भाग आहे, तिथून प्लांटॅरिस निघतो. काही तंतू ऑब्लिक पॉप्लिटियल लिगामेंटवरूनही येतात. गॅस्ट्रॉक्नेमियस या पोटरीतल्या मोठ्या, दोन हेड्सच्या स्नायूचं लॅटरल हेड याच्याच शेजारी, काँडाइलच्या बाहेरच्या बाजूवरून आणि त्याच रेघेच्या टोकाजवळून निघतं. म्हणजे दोघं सख्खे शेजारी आहेत, हे हाडावरच कळतं.

आता कॅल्केनियसचा मागचा पृष्ठभाग. त्याचे वरून खाली तीन पट्टे पडतात: वरचा गुळगुळीत, तिथे बर्सा (द्रवाची पातळ पिशवी) असते, मधला खडबडीत, तिथे टेंडो कॅल्केनियस (अकिलीस टेंडन) बसतो, खालचा टाचेच्या चरबीच्या गादीला लागून. प्लांटॅरिस बहुतेक वेळा मधल्या पट्ट्याच्या मीडियल कडेला येऊन बसतो. म्हणजे सुरुवात बाहेरच्या बाजूला, शेवट आतल्या बाजूला. मधे कुठेतरी त्याला तिरकं ओलांडावं लागणारच, आणि ही तिरकी वाटच पुढे त्याची सगळ्यात मोठी ओळख ठरते.

२. देह पालथा ठेवा आणि बाजू ठरवून घ्या

देह पालथा असला की मीडियल-लॅटरलचा घोळ हमखास होतो, विशेषतः चार जण टेबलाच्या चार बाजूंनी उभे असताना. सोपी खूण करा: करंगळीची बाजू लॅटरल, अंगठ्याची बाजू मीडियल. करंगळीला रंगीत दोरा बांधून ठेवा. पुढे कुणी ‘लॅटरल हेड बाजूला ओढ’ म्हटलं की आधी दोरा बघायचा.

घोट्याखाली एक लाकडी ठोकळा ठेवला की पाऊल टेबलाबाहेर अवघडत नाही आणि गुडघा किंचित वाकतो. गुडघा वाकला की गॅस्ट्रॉक्नेमियस सैल पडतो. तो ताठ असेल तर आतलं काही दिसणार नाही.

३. त्वचा आणि वरचा थर

मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या सुमारे १० सेंमी वरून टाचेपर्यंत मध्यरेषेत उभा छेद. वर आणि खाली एकेक आडवा छेद. लवणीवरची त्वचा पातळ असते, टाचेवरची जाड. एकाच जोरानं ब्लेड चालवलंत तर लवणीत छोटी सफेनस शीर कापली जाते.

त्वचेखालच्या चरबीत दोन गोष्टी जपायच्या. छोटी सफेनस शीर लॅटरल मॅलिओलसच्या (घोट्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या) मागून निघून पोटरीच्या मध्यावरून वर येते आणि लवणीत डीप फॅशिया (स्नायूंवरचं घट्ट आवरण) भेदून पॉप्लिटियल शिरेला मिळते. खालच्या अर्ध्या भागात तिच्या सोबतीला सुरल नर्व्ह असते. सुरल नर्व्हला दोरा बांधून ठेवा. पुढच्या गोंधळातली ही पहिली उमेदवार आहे आणि तिचा थर इथेच ठरून जातो: ती गॅस्ट्रॉक्नेमियसच्या मागे, म्हणजे तुमच्या अगदी जवळ असते.

४. लवणीतली चरबी काढा, पण ओरबाडू नका

डीप फॅशिया उभा कापून दोन्हीकडे उलटा. समोर पिवळी चरबी दिसेल. कात्री बंद करून आत घालायची आणि उघडत बाहेर काढायची, तंतू कापायचे नाहीत, अलग करायचे. बोट आणि बोथट फोरसेप्स बाकीचं काम करतात. इथे पाऊण तास गेला तरी चालेल. घाई केलेल्या लवणीत प्लांटॅरिसची नर्व्ह शिल्लक राहत नाही.

लवणीच्या चौकटीच्या चार कडा ओळखा. वर बाहेर बायसेप्स फेमोरिस, वर आत सेमीटेंडिनोसस आणि सेमीमेंब्रेनोसस, खाली आत गॅस्ट्रॉक्नेमियसचं मीडियल हेड, खाली बाहेर लॅटरल हेड. या शेवटच्या कडेत पुस्तकं ‘आणि प्लांटॅरिस’ एवढंच जोडतात आणि पुढे जातात.

मधून उभी उतरणारी जाड, गोल दोरी म्हणजे टिबियल नर्व्ह. तिन्ही मोठ्या रचनांत हीच सगळ्यात वर, म्हणजे त्वचेजवळ. तिच्या पुढे शीर, आणि हाडाला सगळ्यात जवळ धमनी. टिबियल नर्व्हच्या फांद्या मोजत बसू नका, पण कोणती कुठे जाते ते बघा: गॅस्ट्रॉक्नेमियसच्या दोन्ही हेड्सना, सोलियसला (गॅस्ट्रॉक्नेमियसच्या खालच्या थरातला स्नायू), पॉप्लिटियसला आणि एक अगदी बारीक फांदी लॅटरल बाजूला प्लांटॅरिसला. त्या बारीक फांदीच्या मागे प्रोब सरकवून ठेवा. स्नायू दिसत नसला तरी ही फांदी तुम्हाला त्याच्यापर्यंत नेते. ओरिजिन शोधण्यापेक्षा नर्व्हच्या मागे जाणं कितीतरी वेळा सोपं पडतं, आणि ही युक्ती शरीरातल्या इतर लहान स्नायूंनाही लागू होते.

५. स्नायूचं पोट शोधा

गॅस्ट्रॉक्नेमियसच्या लॅटरल हेडची आतली कड पकडा आणि तिला करंगळीच्या बाजूला ओढा. तिच्या आड, जरा वर आणि आतल्या अंगाला, दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं लहानसं मांसल पोट दिसेल. लांबी साधारण ७ ते १० सेंमी. देहानुसार ते भरीव असतं किंवा अगदी पातळ, आणि लॅटरल हेडला इतकं चिकटलेलं असू शकतं की दोघांच्या मधली फट ब्लेडच्या उलट्या बाजूनं उघडावी लागते.

फसण्याच्या दोन जागा आहेत. पहिली, लॅटरल हेडचाच एक तुकडा फाडून त्याला प्लांटॅरिस म्हणणं. खात्री करायला त्याचे तंतू खाली न्या: लॅटरल हेडचे तंतू मोठ्या रुंद ॲपोन्यूरोसिसमध्ये (पसरट टेंडनमध्ये) मिसळतात, प्लांटॅरिसचे काही सेंटिमीटरमध्येच अरुंद टेंडनमध्ये संपतात. दुसरी, पॉप्लिटियसशी गल्लत. नावं जवळची असल्यामुळे ही चूक व्हायवात (तोंडी परीक्षेत) जास्त होते, टेबलावर कमी. पॉप्लिटियस लवणीच्या तळाशी, हाडाला चिकटून असतो, त्रिकोणी असतो आणि टिबियाच्या मागच्या बाजूवर, सोलियल लाइनच्या वर संपतो. तो टाचेकडे जातच नाही.

लॅटरल हेडमध्ये एखादा कडक दाणा हाताला लागला तर घाबरू नका. तो फॅबेला, म्हणजे टेंडनमधलं लहान (सिसमॉइड) हाड असू शकतो. सगळ्यांत नसतो.

६. मीडियल हेड कापा, लॅटरल नको

पोट सापडलं की टेंडनच्या मागे जायचं, आणि त्यासाठी गॅस्ट्रॉक्नेमियस उचलावा लागतो. कोणतं हेड कापायचं यावर टेबलावर वाद होतात. उत्तर एकच: मीडियल. लॅटरल हेड कापलंत तर प्लांटॅरिसचा त्याच्याशी असलेला संबंध, जो स्पॉटरमध्ये (पिन लावलेली रचना ओळखायच्या परीक्षेत) विचारला जातो, कायमचा जातो.

मीडियल हेडमध्ये नर्व्ह आणि धमनी जिथे शिरतात ती जागा आधी शोधा. छेद त्याच्या खाली. पण ब्लेड लावण्याआधी फोरसेप्सचं हँडल मीडियल हेडच्या खालून आरपार घाला, आणि ते स्नायूला अगदी चिकटून सरकवा. टेंडन याच सुमाराला लॅटरलकडून येत असतो. हँडलच्या वर फक्त मीडियल हेड आहे, दुसरं काही नाही, हे डोळ्यांनी बघा आणि मगच कापा.

आता या सगळ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. कापलेल्या मीडियल हेडचा खालचा तुकडा लॅटरल बाजूला उलटवत न्यायचा असतो. गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस यांच्या मधे सैल तंतूंचा थर असतो. तो बोटानं इतका सहज सुटतो की हात सरसर खाली जातो, आणि त्याच झटक्यात टेंडन तुटतो किंवा गॅस्ट्रॉक्नेमियसच्या आतल्या बाजूला चिकटून त्याच्यासोबत वर निघून जातो. मग बॅच सोलियसवर शोधत बसते आणि ‘नाहीये’ असं जाहीर करते. म्हणून बोट एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच पुढे न्या. प्रत्येक वेळी उचललेल्या स्नायूची आतली बाजू बघा. टेंडन तिथे चिकटलेला दिसला तर बोथट टोकानं त्याला सोडवून सोलियसवर परत ठेवा.

टेंडन पायजम्याच्या नाडीसारखा चपटा आणि चकचकीत असतो, रुंदी जेमतेम काही मिलिमीटर. लांबी मात्र प्रौढ माणसात ३० सेंमीच्या घरात, कधी त्याहून जास्त. शरीरातल्या सगळ्यात लांब टेंडन्सपैकी हा एक आहे.

७. टाचेपर्यंत न्या

टेंडन वर सोलियसच्या मागे तिरका असतो, बाहेरून आत. पोटरीच्या खालच्या भागात तो टेंडो कॅल्केनियसच्या मीडियल कडेला येतो आणि तिच्या बाजूनं खाली उतरतो. इथे त्याला सोडवताना प्रोब वापरा, ब्लेड नको. दोन्ही एकाच आवरणात असल्यामुळे एका कापात दोघांचं नुकसान होतं.

शेवट सगळ्यांमध्ये सारखा नसतो. बहुतेक वेळा टेंडन कॅल्केनियसच्या मागच्या पृष्ठभागावर, टेंडो कॅल्केनियसच्या आतल्या अंगाला पसरून बसतो. काहींमध्ये तो टाचेपर्यंत पोचण्याआधीच टेंडो कॅल्केनियसमध्ये मिसळतो, काहींमध्ये घोट्याच्या आतल्या बाजूच्या फ्लेक्सर रेटिनॅक्युलममध्ये (टेंडन्सना जागेवर धरणाऱ्या पट्ट्यात) जातो. तुमच्या टेबलावर जे दिसतं तेच जर्नलमध्ये काढा. पुस्तकातली आकृती उतरवून काढलेलं जर्नल शिक्षकांना एका नजरेत कळतं.

८. नर्व्ह की टेंडन: चार तपासण्या

*थर.* सुरल नर्व्ह गॅस्ट्रॉक्नेमियसच्या मागे. प्लांटॅरिसचा टेंडन गॅस्ट्रॉक्नेमियस आणि सोलियस यांच्या मधे. टिबियल नर्व्ह सोलियसच्या कमानीखालून शिरल्यावर सोलियसच्या पुढे, पोस्टीरियर टिबियल रक्तवाहिन्यांसोबत. सोलियस अजून कापलेलाच नसेल आणि त्याच्यावर एखादी पट्टी आडवी-तिरकी पडलेली असेल, तर ती टिबियल नर्व्ह असूच शकत नाही. बहुतेक वाद इथेच मिटतो.

*वरचं टोक.* पट्टी वर नेत जा. स्नायूच्या पोटात संपली तर टेंडन. लवणीतल्या जाड दोरीला मिळाली तर नर्व्ह.

*फांद्या.* नर्व्हला फांद्या असतात. टेंडनला वाटेत फांद्या फुटत नाहीत.

*हलका ताण.* फोरसेप्सनं पट्टी किंचित ओढा आणि लवणीत बघा, वरचं पोट हलतं का. फॉर्मॅलिनमध्ये ताठ झालेल्या देहात ही तपासणी नेहमी चालत नाही, म्हणून शेवटी ठेवली आहे.

रंगाचा उल्लेख मुद्दाम टाळला. ताज्या ऊतींमध्ये टेंडन चंदेरी आणि नर्व्ह पिवळसर दिसते खरी, पण महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या देहात दोन्ही राखाडी-तपकिरी होतात.

९. सापडलाच नाही तर

प्लांटॅरिस काही लोकांत जन्मतःच नसतो. हे प्रमाण साधारण ७ ते १० टक्के दिलं जातं. म्हणजे दहा-बारा टेबलांच्या हॉलमध्ये एखादा पाय असा निघणं अगदी शक्य आहे. पण ‘नाही’ म्हणण्याआधी तीन जागा बघा: लॅटरल सुप्राकाँडायलर लाइनचा खालचा भाग, गॅस्ट्रॉक्नेमियसची आतली बाजू, आणि टेंडो कॅल्केनियसची मीडियल कड. तिन्हीकडे काही नसेल तरच तो नाही. वर पोट नाही पण टाचेजवळ टेंडन आहे, असं दिसलं तर याचा अर्थ पोट कुणीतरी चरबीसोबत काढून टाकलं आहे.

दुसरा पाय जरूर बघा. एका बाजूला नसणं म्हणजे दुसऱ्या बाजूलाही नसणं नव्हे. उलट प्रकारही असतात, पोटाचे दोन भाग असलेला प्लांटॅरिस. असं काही मिळालं तर शिक्षकांना दाखवल्याशिवाय पुढे कापू नका.

१०. स्पॉटर आणि व्हायवा

स्पॉटरमध्ये पिन बहुधा टेंडनवर असते, पोटावर नाही. उत्तरात नाव, बाजू आणि थर लिहा. नर्व्ह सप्लाय: टिबियल नर्व्ह, एस१ आणि एस२. काम: गुडघा वाकवायला आणि पाऊल खाली दाबायला गॅस्ट्रॉक्नेमियसला किरकोळ मदत. ‘मग एवढा लहान स्नायू कशासाठी?’ या पुढच्या प्रश्नाला ‘काही उपयोग नाही’ असं उत्तर देऊ नका. त्यात मसल स्पिंडल्स (स्नायूचा ताण टिपणारी सूक्ष्म संवेदक) भरपूर असतात, त्यामुळे सांध्याच्या स्थितीची जाणीव मेंदूला देण्यात त्याचा वाटा असावा असं मानलं जातं.

शल्यक्रियेत तो टेंडन ग्राफ्ट, म्हणजे काढून दुसरीकडे लावायचा तुकडा, म्हणून कामाला येतो. हाताच्या टेंडनच्या दुरुस्तीत पाल्मॅरिस लाँगस (हाताच्या पुढच्या भागातला एक स्नायू) नसेल तर प्लांटॅरिस घेतात, आणि टेंडो कॅल्केनियस शिवल्यावर त्यावर प्लांटॅरिसचा टेंडन पसरून आवरण घालण्याचीही पद्धत आहे. तो चपटा टेंडन बोटांनी ताणून किती रुंद होतो हे बघायचं असेल तर सगळं काम झाल्यावर, शिक्षकांना विचारून, टाचेजवळच्या टोकावर करून बघा.

‘टेनिस लेग’ हमखास विचारतात. खेळताना पोटरीत मागून कुणीतरी मारल्यासारखी अचानक कळ येते. हे वर्णन १८८३ पासून वैद्यकीय साहित्यात आहे आणि बराच काळ त्याचं खापर प्लांटॅरिस तुटण्यावर फोडलं गेलं. सोनोग्राफी आल्यावर चित्र बदललं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४१ रुग्णांच्या अभ्यासात ९४ जणांच्या गॅस्ट्रॉक्नेमियसच्या मीडियल हेडमध्ये फाट होती, प्लांटॅरिस तुटलेला फक्त दोघांमध्ये. आणि १४ जणांच्या पोटरीत खोल शिरेतली गुठळी निघाली. व्हायवात हा शेवटचा आकडा सांगितलात तर परीक्षक पुढचा प्रश्न सोपा विचारण्याची शक्यता वाढते. प्रॅक्टिसमध्ये त्याचं महत्त्व त्याहून खूप मोठं आहे.

टेंडो कॅल्केनियस पूर्ण तुटलेल्या रुग्णात प्लांटॅरिस बरेचदा शाबूत राहतो. आतल्या कडेला हाताला लागणारी दोरी बघून ‘अर्धवट तुटलाय’ असा समज होऊ शकतो. तपासताना रुग्ण पालथा, पावलं टेबलाबाहेर, आणि पोटरी दाबून पाऊल हलतं का हे बघायचं.

११. दिवसाचं काम संपवताना

टेंडन आणि प्लांटॅरिसची बारीक नर्व्ह यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे सैल बांधा. मीडियल हेड जागेवर परत ठेवा, त्यावर त्वचेचे पदर ओढा आणि ओल्या फडक्यानं सगळं झाका. उघडा राहिलेला बारीक टेंडन एका रात्रीत वाळून कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओढीला तुटतो. काढलेली चरबी आणि त्वचेचे तुकडे त्याच टेबलाच्या नंबरच्या डब्यात जातात, बेसिनमध्ये किंवा साध्या कचऱ्यात नाही. यातले बरेच देह देहदानातून आलेले असतात आणि अंत्यसंस्काराच्या वेळी सगळे अवशेष एकत्र असणं अपेक्षित असतं. ब्लेड हँडलवरून काढताना फोरसेप्सनं काढा आणि शार्प्सच्या डब्यात टाका.